पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही



दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की आपल्याकडे कॉम्प्युटरची खरेदी निघते. इंजिनिअरिंगला जाऊ पाहणारी कितीतरी मुलं आता तयार मशीन घेत नाहीत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालतात, एकेक भाग पारखून आणतात आणि घरी सतरंजीवर बसून स्वतः जोडतात. मला याचं मनापासून कौतुक आहे. संध्याकाळी घरचे सगळे भोवती जमतात, बटण दाबलं जातं, पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात आणि मॉनिटर मात्र काळाच राहतो. पाच मिनिटांत कोणीतरी निदान करून मोकळं होतं : "बोर्ड गेला."

आज मला या निदानाविरुद्ध बोलायचं आहे. बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, कधीकधी खरोखर जातो, नाही असं नाही. पण तो गेला असं म्हणण्याचा हक्क इतर सगळ्या शक्यता तपासल्यावरच मिळतो. आणि त्या तपासायच्या कशा क्रमाने, हे मशीननेच ठरवून दिलेलं आहे. ते ज्या क्रमाने जागं होतं, त्याच क्रमाने आपण विचारत जायचं.

एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, मागचा खटका चालू केला, की तुम्ही बटण दाबण्याआधीच पाच व्होल्टचा एक छोटा पुरवठा बोर्डापर्यंत पोचलेला असतो. कॅबिनेटवरचं बटण वीज चालू करतच नाही. ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं, एवढंच. मग बोर्ड एसएमपीएसच्या हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर आणतो, आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावले की करड्या तारेवरून 'वीज ठीक आहे' असा संकेत येतो. साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांचा हा मामला. तो संकेत येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. १९९५ साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेपासून ही पद्धत चालत आली आहे. हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात, पण प्लगमधल्या जागा ठरलेल्या आहेत.

हे सविस्तर सांगितलं, कारण त्यातून एक मोठा गैरसमज दूर होतो. पंखे फिरले याचा अर्थ १२ व्होल्ट आले, इतकाच. प्रोसेसर जागा झाला की नाही, याबद्दल पंखा काहीही सांगत नाही. प्रोसेसरला त्याचा स्वतंत्र आठ पिनांचा प्लग लागतो. तो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो, हात पोचायला अवघड, म्हणून तो लावायचा राहून जातो किंवा अर्धवट बसतो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला जवळपास तसाच असतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते त्यासाठीच. प्लग जात नसेल तर जोर करू नका.

वीज पोचली की मशीन स्वतःची तपासणी करतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येही ती होती. दोष आढळला की छोटा स्पीकर ठरावीक खुणेने वाजायचा. आजच्या पुष्कळ बोर्डांवर त्याजागी चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट. तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. काळ्या मॉनिटरकडे पाहत बसणारे लोक या दिव्यांकडे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मशीन जीव तोडून सांगत असतं आणि आपण भलतीकडे बघत असतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मेमरीच्या दिव्यावर. २०२२ साली एएमडीचं एएम५ सॉकेट आलं. त्यावर फक्त डीडीआर५ मेमरी चालते. या मेमरीचा वेग इतका आहे, की प्रत्येक तारेवर संकेत नेमका कधी वाचायचा, हे बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरीच्या पट्ट्या यांच्या त्या विशिष्ट संचासाठी आधी शोधून काढावं लागतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये हे काम मुख्य कोअर जागे होण्याच्याही आधी आतला एक छोटा सुरक्षा प्रोसेसर करतो. पहिल्यांदा सुरू करताना या शोधाला काही मिनिटं लागतात. चार मोठ्या पट्ट्या लावल्या असतील तर सहा-सात मिनिटंही. तेवढा वेळ पडदा काळा, मेमरीचा दिवा लागलेला, मधूनच मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतं. नवख्या माणसाला वाटतं, बिघडलं. तो बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो. असं दोन तास चालतं. एकही भाग खराब नसलेलं मशीन मग पिशवीत घालून दुकानात जातं. तेव्हा नवं मशीन पहिल्यांदा सुरू केलं की पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका.

पंधरा मिनिटांनीही तोच दिवा असेल तर मात्र हालचाल करा. वीज बंद करून एकच पट्टी ठेवा, आणि ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत बसवा. बहुतेक बोर्डांवर मॅन्युअलमध्ये हीच जागा दिलेली असते. पट्टी दाबताना 'कट्' असा आवाज यायला हवा. आपल्याकडे रॅमचे संपर्क खोडरबरने घासायची पद्धत आहे. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं चाललेल्या जुन्या मशीनला त्याने गुण येतो, हे खरं. पण नव्या पट्टीवर तो प्रयोग करू नये. वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत अडकतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. एका बाजूच्या खाचेत पट्टी चालते आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत कोणतीच चालत नाही, असं झालं तर संशय मेमरीवर घेऊ नका. सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असते, किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असतो.

ग्राफिक्सच्या दिव्याबद्दल थोडक्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्यांत चित्र काढणारा भागच नसतो. त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये केबल लावली तर पडदा कायम काळाच राहणार. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची.

प्रोसेसरचा दिवा अडून बसला तर बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती पाहा. २०१८ चा बी४५० बोर्ड आणि २०२० चा रायझन ५००० यांचं सॉकेट एकच, पण बोर्डातला जुना बायोस या प्रोसेसरला ओळखतच नाही. दोन्ही भाग धडधाकट असूनही मशीन सुरू होत नाही. २०१८ मध्ये अशीच अडचण आली तेव्हा एएमडीने ग्राहकांना बायोस बदलण्यापुरता एक जुना प्रोसेसर उसना दिला होता. आता अनेक बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते. खरेदी करताना ती सोय आहे ना, हे जरूर विचारा. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजा.

यातल्या कशानेच उलगडा होत नसेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक पट्टी, एसएमपीएस; बाकी काही नाही. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तरच कार्ड. बटणाच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून सुरू करा. इथे चाललं आणि आत नाही चाललं, तर बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ शोधा. तो मागून शॉर्ट करतो. खोक्यावर चाललं तर एकेक भाग परत जोडत जा, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि मशीन सुरू झालं, तर ते कशाने सुरू झालं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं.

आणखी एक, जिवाशी संबंधित. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण निम्मा दाब येतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटर नंतर. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक दाब राहू शकतो.

एवढं करूनही दुकानात जायची वेळ आली तर "डिस्प्ले येत नाही" असं मोघम सांगू नका. कोणता दिवा अडला, किती मिनिटं थांबलात, कोणती पट्टी कोणत्या खाचेत लावून पाहिलीत, बायोस कोणता, हे कागदावर लिहून न्या. आणि बोर्डाच्या सॉकेटवर येते ती प्लास्टिकची टोपी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. ती नसेल तर बोर्ड वॉरंटीत घ्यायला नकार मिळू शकतो.