खेळण्यांना वय असतं

(१९८४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोल." बोलायला थोडा संकोच वाटतो, कारण समोर आमचे गणिताचे सर बसलेत आणि त्यांनीच नववीत माझ्या दप्तरातली चावीची मोटार काढून घेतली होती. सर, ती अजून मिळायची आहे.

तर कबुली देतो. मी सत्तावन्न वर्षांचा आहे आणि खेळणी जमवतो. नातवासाठी नव्हे, स्वतःसाठी. घरात काचेचं एक कपाट आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते आणि नातू आला की ती सापडत नाही.

आपल्या पनवेलमध्ये माझ्यासारखे बरेच आहेत. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात छोट्या मोटारींचं नवं खोकं फुटणार अशी कुणकुण लागली की शटर उघडायच्या आधीच माणसं हजर. मागच्या वर्षी अशाच एका सकाळी माझ्यापुढे चाळिशीतला एक बँकवाला होता, मागे पंचविशीतला एक इंजिनिअर. तिघांनाही हॉट व्हील्स हवी होती. पण चहा घेताना बोलणं निघालं, तेव्हा कळलं की तिघांची खरी ओढ तीन वेगळ्या वस्तूंकडे होती. तेव्हापासून मी एक हिशेब मांडतो : माणूस पन्नाशीत काय जमवतो हे ओळखायचं असेल, तर तो दहा वर्षांचा असताना कुणाच्या हातात काय होतं ते विचारावं. स्वतःच्या हातात नव्हे, शेजारच्याच्या!

आपलंच घ्या. हॉट व्हील्स अमेरिकेत १९६८ साली आल्या, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या सुमारास. आपल्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. आपल्याकडे भोवरा, गोट्या, टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक आणि जत्रेत मिळणारी, मेणबत्तीवर पुकपुक करत परातीतल्या पाण्यात फिरणारी बोट. काडेपेट्यांचे छाप जमवायचो ते वेगळंच. पण वर्गात एकाचे मामा मस्कतला होते. त्यांनी त्याला इंग्लंडच्या मॅचबॉक्स कंपनीची मोटार आणली होती. काडेपेटीएवढ्या खोक्यात मावणारी, म्हणून तिचं नाव मॅचबॉक्स. मधल्या सुट्टीत ती बघायला रांग लागायची. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. माझ्या कपाटात आज सर्वांत जास्त गाड्या कुठल्या आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गुरुजनांच्या पिढीला सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी आठवत असतील. लाखेच्या रंगाची लाकडी ठकी, चक्की, पांगुळगाडा, खऱ्यासारखी दिसणारी लाकडी फळं. आपल्या शेजारच्या पळस्प्यावरून निघालेला मुंबई-गोवा रस्ता सावंतवाडीवरूनच जायचा, त्यामुळे कोकणातून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत त्यांतलं काहीतरी असायचंच.

याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की गोव्यात कोर्लीमला फनस्कूलचा कारखाना लागतो. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ साली ही कंपनी काढली. रांगेतला तो बँकवाला या काळातला. जी. आय. जो नावाचे बोटभर उंचीचे सैनिक हे त्याचं वेड. गंमत अशी, की भारतात निघालेल्या सैनिकांचे रंग मूळ अमेरिकी सैनिकांपेक्षा पुष्कळदा वेगळे, काहीसे अतरंगीच असत. त्या काळी त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आज अमेरिकेतले संग्राहक तेच भारतीय सैनिक शोधत असतात. बँकवाला म्हणाला, "काका, आमच्या आईने ते बोहारणीला दिले हो!"

मागचा इंजिनिअर चिप्सच्या पाकिटात टॅझो मिळायच्या त्या काळातला. बेब्लेडवर वाढलेला. आणि माझी भाची, वय तेवीस, तिच्या पर्सला दातवाला एक लबूबू लटकतो. कासिंग लंग या चित्रकाराने २०१५ साली हे पात्र काढलं, आणि पॉप मार्ट ही चिनी कंपनी ते बंद खोक्यात विकते. आत कुठला बाहुला आहे, ते पैसे दिल्यावर कळतं. मी म्हटलं, "अगं, ही फसवणूक आहे." ती म्हणाली, "मामा, तुझ्या टॅझोवाल्या मित्रालाही पाकीट फोडल्यावरच कळायचं ना?" मी गप्प बसलो.

भाचीमुळे एक गोष्ट मात्र उशिरा का होईना, ध्यानात आली. आमच्या त्या रांगेत आमच्या वयाची बाई एकही नव्हती. आपल्या मुलींकडे खेळणी नव्हती का? भातुकली घरोघरी होती. पण मुलगी बारा वर्षांची झाली की "आता मोठी झालीस" म्हणून तिची भातुकली डब्यात जायची, आणि डबा माळ्यावर. मुलाची बॅट मात्र कॉलेजपर्यंत दाराआड उभी.

आमच्या ताईची भातुकली पितळेची होती. चूल, तपेली, झारा, खलबत्ता, आणि पाणी तापवायचा बोटभर बंब. बऱ्याच वस्तू आजीच्या माहेरून आलेल्या. २००९ साली आमचं जुनं घर पाडून इमारत उभी राहायची होती. माळा मी रिकामा केला. माझे छाप, माझा पत्र्याचा बेडूक वर्तमानपत्रात गुंडाळून नीट बाजूला ठेवले. ताईचा डबा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. पितळ किलोवर गेलं. पैसे किती आले तेही आता आठवत नाही.

ताईला कळलं तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला एक फोन केला असतास."

मग मी भरपाई करायला निघालो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चकरा मारल्या, मुंबईत चोर बाजार पालथा घातला. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला आहे, ते त्याची प्रदर्शनं भरवतात, हे अनेकांना ठाऊक असेल. पुण्यातच दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. अशी माणसं होती म्हणून आपल्या आज्यांच्या हातातल्या वस्तू बघायला तरी मिळतात. मला अखेर एक बंब मिळाला. अगदी तसाच. चिंच लावून घासला, चकचकीत केला आणि भाऊबीजेला ताईच्या हातात ठेवला.

तिने तो फिरवून फिरवून बघितला. म्हणाली, "छान आहे रे. पण हा माझा नाही. माझ्या बंबाची तोटी वाकडी होती. तूच त्यावर पाय दिला होतास."

मित्रहो, आमच्या छंदात न उघडलेल्या खोक्याला भाव. पोचा आला की किंमत उतरली. पण घरातल्या खेळण्याची ओळख त्या पोच्यातच असते. बाजारात बंब मिळतो, ताईचा बंब मिळत नाही.

म्हणून एक विनंती करतो. पनवेलमध्ये अजून जुनी घरं पडतायत, माळे रिकामे होतायत. रिकामं करणारे आपणच आहोत, कारण आता घरातले मोठे आपण. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बहिणीला एक फोन करा. जे ठेवाल त्यात एक चिठ्ठी ठेवा : कुणाचं, कुठून आलं, कुठल्या साली, आणि पोचा कसा आला. नाहीतर आपल्यामागे नातवंडांच्या हाती नुसतं पितळ उरेल.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने एकेक खेळणं चिठ्ठीसकट आणावं, अशी सूचना मी मांडतो. टेबल मी लावतो. मैत्रिणींनी आधी आणावं, आम्ही मुलांनी आजवर पुष्कळ दाखवून झालं आहे.

ताई आज इथे आली आहे. आपल्याच शाळेची, आपल्यापुढे पाच वर्षं. तो बंब तिने ठेवून घेतला. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो, तर तिची नात त्यात पाणी भरत होती. तोटी थोडी वाकलेली दिसली. मी काही बोललो नाही.

आणि सर, मोटारीचं तेवढं बघा.