थायमिन पेशीत कसे शिरते?

इगतपुरीकडचा हातसडीचा तांदूळ आपण सोडला, पांढराशुभ्र भात ताटात घेतला. कोंड्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, गेले. जेवणातले थोडेसे थायमिन आतड्यातून आणि पुढे पेशीत नेण्यास खास वाहक प्रथिने लागतात. आत त्याला फॉस्फेट जोडले जाते, तेव्हा साखरेपासून पुरेशी ऊर्जा निघते. दारू आतड्यातली ही वाहतूकच अडवते. म्हणून वस्तीतला पिणारा माणूस जेवूनही थायमिनला उपाशी राहू शकतो. तो थरथरू लागला की आपण म्हणतो, अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावा! नुसत्या ग्लुकोजने उरलेसुरले थायमिन संपून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा त्याचे पिणे डॉक्टरांपासून लपवू नये. ब-१ ची सुई आधी द्यायची का, ते त्यांना ठरवता येते.