तळं धुऊ नका



पत्रिकेवर ‘बागेतलं छोटं तळं : उभारणी आणि निगा’ असं छापलं आहे. उभारणी मी लवकर उरकतो, कारण खड्डा खणणं तुमच्या गवंड्याला उत्तम येतं. मला बोलायचंय ते निगेविषयी, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी : तळ्यातलं पाणी बदलू नका.

सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल एवढं पुरे. साडेतेराशे लिटर पाणी मावतं. इंग्लंडातली बागकामाची पुस्तकं तळं भर उन्हात घ्यायला सांगतात. त्यांच्याकडे उन्हाचीच वानवा. आपल्याकडे दुपारची सावली हवीच. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात रात्रभर शेवाळही तोच प्राणवायू घेतं. मासे पहाटे मरतात ते यामुळे, आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली. (हशा)

आता मुद्दा. तळं भरलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवं होतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, घाण झालं. पाणी उपसतात, काथ्याने तळ घासतात, नळाचं पाणी भरतात. पुन्हा हिरवं. पुन्हा घासतात. पण माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या बुळबुळीत दगडांवरच वस्तीला असतात! ती वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही घासता आणि वर क्लोरीनचं पाणी ओतता. मग तळं मुरणार कधी? हिरवं पाणी तसंच राहू द्या. कुमुदाची पानं पसरून निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला गेला, की शेवाळाचं ऊन तुटतं आणि तळ दिसू लागतो.

मागून कुणीतरी म्हणालं, “आणि डेंग्यू?” रास्त प्रश्न आहे, टाळणार नाही. डेंग्यूचा डास लहानशा, निवांत, निर्जीव पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मुरलेल्या तळ्यात चतुराच्या अळ्या असतात, पाणकिडे असतात, मासे असतात. डासाची अळी तिथे वाढायची मारामार. धुतलेल्या तळ्यात मात्र तिला खाणारं कुणी उरत नाही. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत तळं बुजवा म्हणून तक्रार झाली. तपासणीत अळ्या निघाल्या तक्रारदारांच्याच मनीप्लँटच्या बाटलीत. (हशा) हसू नका, त्यांची भीती खरी होती. त्यांच्या घरात आजारपण झालेलं होतं.

ही भीती जुनी आहे. 1911 साली बेंटली या हिवतापतज्ज्ञ डॉक्टरांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला. शहरातला हिवताप पसरवणारा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, हे त्यातून स्पष्ट झालं. मग विहिरी झाका, नाहीतर बुजवा, असा धडाका सुरू झाला. पारशी, हिंदू, जैन, सगळ्यांनी विरोध केला. धर्मकृत्याला उघडं पाणी हवं होतं. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर 1725 सालची. ती आजही आहे, पाण्यासकट. माणसं तापाने मरत होती, तेव्हा विहिरी बुजवणाऱ्या अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण झाकणं आणि बुजवणं यांच्या जोडीला तिसरी वाटही होती : पाण्यात जीव नांदू द्यायचा. कोकणात विहिरीत मासे, कासव सोडतात ते काय उगीच? मुंबईच्या एकेका विहिरीवर तासभर बोलता येईल, आणि तिथे—

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

वनस्पती आधी, मासे दीड महिन्याने. कुमुद कुंडीतच लावा, कडेला वेखंड, नीरब्राह्मी, आणि जादा पाणी बाहेर पडतं त्या सांडीच्या तोंडाशी अळू. जलपर्णी फुकट मिळाली तरी नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेसाठी बंगालात आणली, आज ती मुळा-मुठेत काय करते ते तुम्ही रोज पुलावरून पाहता. मासे थोडे, शक्यतो इथल्याच ओढ्यातले, आणि तळ्यातला एकही मासा नदीत सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे या तळ्यातून रोज सुमारे दीड बादली. तेवढं घाला, नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून. भर घालणं आणि बदलणं यांत फरक आहे, समोरच्या बाईंनी मान हलवली, आभारी आहे. पावसाळ्यासाठी काठाखाली चार बोटांवर सांडीचा पाइप बसवा आणि त्याच्या तोंडाला जाळी, नाहीतर पहिल्या वळवात मासे गटारात.

आणि घरात लहान मूल असेल, तर पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर लोखंडी जाळी पक्की बसवून घ्या. फूटभर पाणीही मुलाला पुरतं. कुमुदाची पानं जाळीतून वर येतात, काही बिघडत नाही. गवंड्याला हे खणायच्या आधीच सांगा, कारण जाळीचे खिळे सिमेंट ओलं असतानाच बसतात.