कुंपणाच्या आतला खेळ: स्कॉटलंडमध्ये स्वस्तात गोल्फ

मागच्या भागात बोलता बोलता मी स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळायचो असं म्हणून गेलो, आणि लगेच मेसेज सुरू, की काय रे, लॉटरी लागली का? तर नाही. क्लायंटचं काम एडिनबरात होतं, कंपनीने दीड वर्षासाठी पाठवलं होतं, आणि घरभाडं जाऊन जे उरायचं त्यात मी खेळलो. तिकडे फिरायला जाणाऱ्या कुणालाही जमेल असं आहे, म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडं मागे जातो. लहानपणी आमच्या घराजवळ एक गोल्फ कोर्स होता. म्हणजे आम्हाला कुंपण दिसायचं, कोर्स आत होता. तारेबाहेर येऊन पडलेले बॉल आम्ही पोरं गोळा करायचो आणि कॅडींना विकायचो, पाच रुपयाला एक. एकदा मी तारेखालून आत शिरलो. वॉचमनने पकडलं आणि बाबांना बोलावून घेतलं. बाबा कारखान्यात टर्नर. दिवसपाळी करून आलेले, तसेच त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. घरी येताना मारलं वगैरे नाही. एवढंच म्हणाले, "ते साहेबलोकांचं आहे. आपण नाही जायचं तिकडं."

एडिनबरात पहिल्याच आठवड्यात, घरी चालत येताना, ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाचं मैदान लागलं. हिरवळीवर छोटे छोटे झेंडे. एका बाजूला कॉलेजची मुलं सतरंजी टाकून खात बसलेली, कुणी कुत्रं फिरवतंय, आणि मधेच दोन आज्या गोल्फ खेळतायत. कुंपण नाहीच. मी त्यातल्या एकीला विचारलं, पैसे कुठे भरायचे? ती म्हणाली, कसले पैसे? उन्हाळ्यात तिथे ३६ होल असतात, सगळे आखूड पल्ल्याचे, आणि खेळायला फुकट. कडेला गोल्फ टॅव्हर्न नावाचा पब आहे, तिथे स्टिक भाड्याने मिळायच्या. एक वेज आणि एक पटर, बास. दुसऱ्या दिवशी मी गेलो. पहिला बॉल जेमतेम चार फूट गेला. कुणी हसलं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं!

हे असं का आहे, त्याला कारण आहे. लिंक्स म्हणजे मूळची समुद्राकाठची वाळूची जमीन, शेतीला निरुपयोगी. आपल्याकडच्या गायरानासारखी, गावाच्या वापराची. लोक तिथेच खेळायचे. इतके, की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायचे. साहेबलोकांच्या खेळावर कुणी अशी बंदी घालत नाही.

आता कामाचं. कोर्स शोधताना मी नेहमी आधी 'म्युनिसिपल' बघतो, म्हणजे नगरपालिकेचा. एडिनबरात असे बरेच आहेत. पोर्टोबेलोला नऊ होलचा आहे, सुरुवातीला तो उत्तम. ब्रेड हिल्स १८८९ मध्ये सुरू झाला, टेकडीवर आहे, आणि वरून किल्ला, आर्थर्स सीट आणि पलीकडे खाडी असं सगळं एका नजरेत दिसतं. फक्त वारा फार, आणि तिथल्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत बॉल गेला की तो गेला. हात घालू नका, मी घातलाय.

दुसरं, वेळ. संध्याकाळचा दर बऱ्याच ठिकाणी कमी असतो, आणि जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटल्यावर नऊ होल आरामात होतात. एकटे असाल तर सरळ फोन करा. तिघांच्या गटात चौथी जागा रिकामी असते, तिथे घुसवतात. सामान विकत घेऊ नका, अर्धा सेट भाड्याने घ्या. कॅडी लागत नाही, पिशवी आपली आपण उचलायची. आणि मागचे लोक वेगाने येत असतील तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. नवखा असल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. खोळंबा केलेला मात्र वाटतो.

मसलबराला जरूर जा. एडिनबराहून सिटी बस जाते. तिथला ओल्ड लिंक्स नऊच होलचा, आणि तोही चक्क घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत. १८७४ ते १८८९ या काळात तिथे सहा वेळा 'ओपन' झाली. ब्रिटिश ओपन म्हणतो आपण, तीच. आज तिथे तुम्ही-आम्ही खेळू शकतो. जुन्या पद्धतीच्या, हिकरी लाकडाच्या दांड्याच्या स्टिकही भाड्याने मिळतात. मी घेतल्या होत्या. आधुनिक स्टिकने माझा बॉल उजवीकडे जातो, हिकरीने डावीकडे गेला. तेवढाच बदल.

आणि मग सेंट अँड्र्यूज. तिथल्या ओल्ड कोर्सची उन्हाळ्यातली फी ३०० पौंडांच्या वर, शिवाय हँडिकॅपचा दाखला, शिवाय सोडत. ते विसरा. पण त्याच संस्थेचे तिथे सात कोर्स आहेत आणि सातही सार्वजनिक. त्यातला बालगोव्ह नऊ होलचा, नवख्यांसाठी आणि मुलांसाठी बनवलेला, त्याला दाखला लागत नाही. फी ओल्ड कोर्सच्या पासंगालाही पुरत नाही. वाळू तीच, वारा तोच. बाकीचे पैसे नावाचे.

आई-बाबा मे महिन्यात आले तेव्हा त्यांना तिथे न्यायचं ठरवलं. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, ल्यूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. राहायला गावात महाग, म्हणून आम्ही डंडीत खोली घेतली. बाबांना मी गोल्फचं काही सांगितलं नव्हतं, समुद्र बघायला जाऊ म्हणालो होतो.

शनिवारी त्यांना 'हिमालयाज'वर नेलं. हे १८६७ साली सुरू झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं मैदान, सगळे उंचवटे आणि खळगे, म्हणून हे नाव. चहा-केकच्या पैशात कुणीही खेळू शकतं, पटर आणि बॉल तेच देतात. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून उतरली आणि दुसऱ्याच होलला उतारावरून असा बॉल सोडला की सरळ आत! "कॅरमसारखंच आहे की," म्हणाली. बाबा बाकावर बसलेले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मारा ना एक. "नको रे, तुम्ही खेळा." तीनदा नको म्हणाले. चौथ्यांदा उठले, पटर हातात घेतला, आणि मारायच्या आधी त्याची दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते बघितलं. टर्नर तो टर्नर. मग पूर्ण १८ होल खेळले आणि आम्हा दोघांना हरवलं.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. बंद म्हणजे खेळ बंद, लोकांना उघडा. अख्खं गाव तिथे चालायला येतं, कुत्री, बाबागाड्या घेऊन. या जमिनीवर गावकऱ्यांना खेळण्याचा हक्क आहे असं १५५२ च्या सनदेत लिहिलंय, आणि आज ती सांभाळणारा ट्रस्ट १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने झालाय. हे सगळं मी बाबांना चालताना सांगत होतो. शेवटच्या होलवर तो प्रसिद्ध दगडी पूल आहे, स्विल्कन ब्रिज. जेमतेम दहा-बारा पावलांचा. बाबा त्याच्या अलीकडेच थांबले. चपला काढाव्यात की काय अशा नजरेने बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "कुणी ओरडणार नाही ना?"

मी म्हटलं, नाही ओरडणार, चला.

आई तोवर पुलावर पोचली होती आणि तिथूनच हाका मारत होती, अहो या लवकर, मागे माणसं थांबलीत फोटोला.