‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिण्यापूर्वी

नोकरी सोडताना आपल्याकडे जो अर्ज लिहितात, त्यात एक वाक्य ठरलेले असते : ‘मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ डोंबिवलीच्या एमआयडीसीतला मशीनवरचा कामगार असो, वागळे इस्टेटमधली पॅकिंगची मुलगी असो की कल्याणच्या एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारा कारकून असो, वाक्य तेच. खरे कारण निराळेच असते. साहेब सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या देतो, एक सुट्टी घेतली की दोन दिवसांची हजेरी कापतो, बारा तास राबवून आठ तासांचे पैसे देतो, किंवा त्याहून वाईट काही, जे घरीसुद्धा सांगता येत नाही. तरी कागदावर मात्र वैयक्तिक कारण. जाताना वाईटपणा कशाला घ्या, पुढे अनुभवाचा दाखला लागेल, असा त्यामागचा विचार. सभ्यपणाचा आहे, मान्य. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून द्यायचे, असा हा प्रकार. शिवाय त्याची किंमत रुपयांत मोजता येते.

मोजूनच पाहू. समजा, एका बाईंची कारखान्यात सहा वर्षे सलग नोकरी झाली आहे आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून त्यांना महिना १५ हजार रुपये मिळतात. त्यांनी राजीनामा दिला, तर ग्रॅच्युइटी मिळेल. पाच वर्षे पूर्ण झाली की राजीनामा दिलेल्यालाही ती मिळते. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. बाईंचे झाले सुमारे ५१,९०० रुपये. (चार वर्षे दहा महिने झाल्यावर रागाने उठून जाणारी माणसे असतात, म्हणून सांगतो : नेमणुकीची तारीख आधी पाहा.)

आता हाच हिशेब मालकाने त्यांना ‘कामावरून कमी केले’ असे धरून करू. ग्रॅच्युइटी तर आहेच. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, १५ हजार. दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई, म्हणजे ४५ हजारांच्या आसपास. आणि नव्या श्रमसंहितांप्रमाणे कमी केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत मालकाने भरायचा १५ दिवसांचा पगार, साडेसात हजार. बेरीज साडेसदुसष्ट हजार. राजीनाम्याखालच्या एका सहीने एवढी रक्कम मालकाच्या खिशात राहते. कामगार म्हणजे कायद्याच्या व्याख्येतला कामगार, हे मात्र लक्षात ठेवायचे. व्यवस्थापक त्यात येत नाहीत आणि महिना १८ हजारांहून अधिक पगार घेणारे पर्यवेक्षकही येत नाहीत.

म्हणून काही ठिकाणी छळाच्या मागे साहेबाच्या स्वभावापेक्षा हिशेबच जास्त असतो. माणूस नकोसा झाला की त्याचे मशीन काढून घ्यायचे, दिवसभर फाटकाजवळ बसवून ठेवायचे, लांबच्या गोदामात पाठवायचे, चार लोकांत पाणउतारा करायचा. महिन्याभरात तो आपणहून कागद आणून देतो.

आता बेकारीच्या भत्त्याकडे वळू. असा भत्ता आपल्याकडे आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांचा महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांची वर्गणी राज्य कामगार विमा महामंडळाकडे, म्हणजे ईएसआयकडे जाते, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद झाला, कायद्याने कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघातात किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर हा भत्ता मिळतो. त्यासाठी किमान दोन वर्षांची वर्गणी लागते. पहिले वर्षभर मजुरीच्या निम्मे आणि दुसऱ्या वर्षी पाव, असे जास्तीत जास्त दोन वर्षे पैसे मिळतात. मात्र राजीनामा दिलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला आणि शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेल्याला यातला एक रुपयाही मिळत नाही.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. सुरुवातीला ती रोजच्या मजुरीच्या २५ टक्के देत असे. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते प्रमाण ५० टक्के झाले आणि मालकामार्फत अर्ज करण्याची सक्तीही गेली. आता विमाधारक नोकरी सुटल्यानंतर ३० दिवसांनी स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. पैसे मिळतात जास्तीत जास्त ९० दिवसांचे, तेही आयुष्यात एकदा. रोजची मजुरी ६०० धरली तर एकूण २७ हजार. दोन-तीन महिन्यांचे घरभाडे आणि किराणा निघेल, एवढेच. गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानाने निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती या तीन कारणांनी बेकारी आली असेल, तर ही योजना नाही म्हणते. ती मुदतीची योजना असून दर वेळी वाढवली जाते, तेव्हा अर्ज भरण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात चौकशी करावी.

कल्याणकरांना मोहन्याची एनआरसी आठवत असेल. २००९ साली तिथे टाळेबंदी झाली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून पडली. ‘कंपनी बंद झाली’ असेच आपण सगळे म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र टाळेबंदी वेगळी आणि कारखाना बंद होणे वेगळे, आणि २००५ च्या त्या योजनेत टाळेबंदीला भत्ता नाही. फाटकाला लागलेले कुलूप तेच, घरी बसलेला माणूस तोच, पण नोटिशीवर कोणता शब्द आहे त्यावर सगळे ठरते. राजीनाम्याचेही तसेच आहे.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बेकारी भत्ता मिळत नाही, पण सोडण्यामागे सबळ कारण होते हे पटवून दिले, तर मिळू शकतो. आपल्या २००५ च्या योजनेत अशा कारणाला जागाच ठेवलेली नाही. छळाला कंटाळून गेलेली बाई आणि जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणून गेलेला माणूस, दोघे एकाच रकान्यात. मला ही मोठी उणीव वाटते. ती दूर होईल तेव्हा होवो, तोवर आपला कागद आपणच सांभाळायला हवा.

तो कसा? पहिले म्हणजे रागाच्या भरात दोन गोष्टी करायच्या नाहीत. राजीनामा फेकायचा नाही आणि न कळवता घरी बसायचे नाही. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. आठ-दहा दिवस माणूस आला नाही की ‘विनापरवाना गैरहजर’ अशी नोटीस निघते, चौकशी होते आणि गैरवर्तनाचा ठपका बसतो. मग दोन्ही योजनांची दारे बंद. अंगात त्राण नसेल, रात्री झोप येत नसेल, तर उल्हासनगरच्या किंवा वागळे इस्टेटच्या विमा रुग्णालयात, नाहीतर जवळच्या विमा दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरे ते सांगा. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. नोकरी शाबूत राहते आणि विचार करायला उसंत मिळते. पुष्कळ वेळा माणसाला तेवढीच हवी असते.

छळ लैंगिक स्वरूपाचा असेल, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. या कायद्यातली एक सोय फारशी कुणी वापरत नाही : चौकशी चालू असताना त्या स्त्रीने लेखी मागणी केली, तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेखेरीज असते. म्हणजे रोज त्या माणसाचे तोंड पाहायचे नाही, एवढ्यासाठी नोकरी सोडण्याची गरज नाही.

दुसरे म्हणजे लिहून ठेवणे. शाळेच्या वहीत लिहिले तरी चालते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण काय बोलले, समोर कोण होते. मोबाइलवरचे निरोप पुसू नका. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या स्लिपा, ईएसआय क्रमांक आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन यांच्या प्रती घरी ठेवा. कंपनीचे गोपनीय कागद मात्र आणू नका, ते उलट तुमच्यावरच शेकतील. तक्रार तोंडी केली असेल तर ती लेखी करा, आणि देताना प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

एखाद्या सकाळी फाटकावर अडवले आणि ‘तुझे काम संपले, जा’ म्हणाले, तर बहुतेक जण मुकाट्याने परतीची लोकल पकडतात. तसे करू नका. त्याच दिवशी दोन ओळी लिहा : मी आज अमुक वाजता कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही, मी काम करण्यास तयार आहे. एक प्रत कंपनीला, एक कामगार आयुक्तालयाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला. पुढे ‘तो आपणहून यायचा बंद झाला’ असे कोणी म्हणू लागले, तर या दोन ओळींइतके उपयोगी दुसरे काही नाही. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी हे पत्र ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला, दोघांनाही द्यावे. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

कोऱ्या कागदावर सही कधीच नको. केबिनमध्ये कोंडून, धमकावून राजीनामा लिहून घेतलाच, तर बाहेर पडल्यावर त्याच दिवशी तो दबावाखाली घेतल्याचे आणि मी तो मागे घेत असल्याचे कळवा. भारत अर्थ मूव्हर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले, की राजीनामा स्वीकारला गेला असला तरी तो ज्या दिवसापासून लागू व्हायचा, त्याच्या आधी मागे घेता येतो. म्हणून राजीनाम्यावर ‘आजपासून’ असे लिहायची घाई करू नये.

आणि एवढे करूनही सोडायचेच ठरले तर? जरूर सोडा. २७ हजारांसाठी कोणी जिवाशी खेळू नये. फक्त त्या अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ ऐवजी खरे कारण लिहा : अमुक तारखांना मला शिवीगाळ झाली, अमुक तारखेला मी लेखी तक्रार केली, काही झाले नाही, त्यामुळे मला काम करणे अशक्य झाले आहे. हा राजीनामा स्वेच्छेचा नव्हता, असे पुढे कामगार न्यायालयात म्हणायचे झाले, तर ते म्हणायला आधार राहतो. ‘फुल अँड फायनल’च्या व्हाऊचरवर ‘यापुढे माझे काही येणे नाही’ असे छापलेले असते. पैसे घ्यायला हरकत नाही, पण सहीच्या वर ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढे आपल्या हाताने लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितांप्रमाणे राजीनाम्यानंतरही थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न श्रोते हमखास विचारतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा कल्याणच्या न्यायालयातल्या तालुका समितीकडे साधा अर्ज करायचा. जाताना ती शाळेची वही बरोबर न्या.