मुलांची कबुली कितपत खरी?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा सर्वपरिचित आहे. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. येथील शाळकरी मुलास व्यसनाविषयीं विचारल्यास त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावें?

मूल प्रश्नापेक्षां प्रश्नकर्त्याकडे अधिक पाहतें. गुरुजींपुढें तें 'नाहीं' म्हणतें. सोबत्यांच्या घोळक्यांत फुशारकीनें 'हो' म्हणतें. निषिद्ध म्हणून दारू लपविली जाते. उलट, मोठीं माणसें उघड खातात तो खर्रा कित्येकांस तंबाखू वाटतच नाहीं. म्हणून त्याविषयीं नांव घेऊनच विचारावें.

उत्तरें लेखी व निनांवी घ्यावींत. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण याच रीतीनें होतें. भारतांत २०१९ सालीं १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ जणांनीं तंबाखूसेवन कबूल केलें. यादींत एखादें काल्पनिक मादक द्रव्य घातल्यास बढाईखोर उघडे पडतात. लाळेंतील कोटिनीन निकोटिनाची साक्ष देतें, परंतु थोड्याच दिवसांची. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, लाळेवरून धूम्रपान कळतें हें दाखवितांच अधिक मुलांनीं तें कबूल केलें.

परंतु भयापेक्षां विश्वास टिकाऊ असतो. खऱ्या उत्तरास घरीं-दारीं छडी मिळाली, तर पुढील सर्वेक्षणांत आंकडा तेवढा घटेल. व्यसन मात्र तसेंच राहील.