कापड तर आमचंच आहे

(१९९६ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मी सॉफ्टवेअरमधली, तर मला कॉम्प्युटरवरच बोलायला सांगतील. पण विषय मिळाला ‘दिवाळीच्या सुट्टीत हाताने केलेल्या भेटवस्तू’. मी शिवलेल्या दुपट्याचा फोटो कुणीतरी पाहिला, त्याचा हा परिणाम. समोर कार्यानुभवाच्या बाई बसल्या आहेत, म्हणून आधीच कबूल करते. बाई, सातवीतला माझा भरतकामाचा रुमाल आईने पूर्ण केला होता. आता मार्क कमी करता येणार नाहीत, म्हणून धीर करून सांगतेय.

आपल्या वेळची दिवाळीची सुट्टी म्हणजे तीन आठवडे हाताला माती आणि खळ. बिबवेवाडीत तेव्हा मोकळ्या जागा होत्या, किल्ल्याला माती मागायला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. मार्केट यार्डाच्या बाजूने पोती मिळायची, ती भिजवून किल्ल्यावर टाकायची. कंदिलाला बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, आणि शेपट्या चिकटवताना झालेली भांडणं. भेटवस्तू हा शब्द कुणी फारसा वापरत नव्हतं. भाऊबीजेला भावासाठी रुमालावर नाव काढलं तरी खूप झालं. आता दिवाळीला ऑफिसातून सुक्या मेव्याचा डबा येतो, तो न उघडता आपण पुढच्या घरी देतो. असाच एक डबा फिरत फिरत माझ्याकडेच परत आला, तेव्हा मी ठरवलं की पुढच्या दिवाळीत निदान एक वस्तू स्वतःच्या हाताने करायची. ही २०२४ ची गोष्ट. आमच्या टीममधली मुलगी बाळंतीण होणार होती. तिच्या बाळासाठी दुपटं शिवायचं ठरलं.

शिकवायला मिळाल्या अपर इंदिरानगरच्या एक मावशी. आमच्या सोसायटीत त्या वर्षानुवर्षं गोधड्या शिवायला येतात. पार्किंगमध्ये चटई टाकून बसतात. मी त्यांना म्हटलं, “मावशी, मला शिकवा.” त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हाला कशाला? मी देते की शिवून.” शेवटी मी चटईवर जाऊन बसलेच, तेव्हा त्यांनी माझ्या हातात सुई दिली.

तुमच्यापैकी बहुतेकांनी गोधडी अंगावर घेतली आहे, पण ती होते कशी हे थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. तिचे लांबीत चार पदर केले की दोन मीटरच्या थोडं वर लांबी येते, आणि रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी. म्हणजे एका माणसाचं अंथरूण! कुणी माप काढून विणली असावी असं वाटावं इतकं हे बरोबर बसतं. दोन नऊवारींत आठ थर होतात. ऊब नुसत्या कापडाची नसते, थरांच्या मधे अडकलेल्या हवेची असते. म्हणून शंभर वेळा धुतलेलं, मऊ झालेलं सुती लुगडं गोधडीला चांगलं. फार विरलेलं कापड आत जातं, धडकं वर येतं. सिंथेटिक साडी सुळकन सरकते आणि सुईला दाद देत नाही. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. बंगालात कांथा आहे, सिंधमध्ये रल्ली आहे. जुनं कापड टाकवत नाही अशी बाई जिथे जिथे आहे, तिथे तिथे गोधडी आहे.

टाका एकच, धावदोरा. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं? मलाही तसंच वाटलं. बोहरी आळीत जाऊन जाड दोरा, मोठ्या सुया आणि अंगुस्ताना घेऊन आले आणि एका कडेकडून सरळ रेषा मारत सुटले. अर्ध्यावर गेल्यावर वरच्या कापडाला हा एवढा झोळ! कारण प्रत्येक टाक्याबरोबर वरचा थर केसभर पुढे ढकलला जातो, आणि दोन हजार टाक्यांनंतर तो केसभर वीतभर होतो. मावशींनी काही न बोलता सगळं उसवलं. मग दाखवलं. कापड जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे, आणि मग कडेपासून सुरुवात करून गोल फिरत मध्याकडे यायचं. दर फेरीला हाताने कापड सपाट करायचं. प्रोग्राममध्ये चूक शेवटी सापडली की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, तरी सुई हातात घेतल्यावर तेच केलं.

आता थोडं गणित. सवय जात नाही. मोठी गोधडी दोन मीटर सहा सेंटिमीटर लांब, एक मीटर पंधरा सेंटिमीटर रुंद. टाक्यांच्या दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरलं, तर सगळ्या ओळींची मिळून लांबी होते ११८ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर जवळजवळ १२ हजार टाके. माझ्या छोट्या दुपट्याला, ९० सेंटिमीटर चौरसाला, चार हजार लागले. सुई ओवणं धरून मी मिनिटाला सहा टाके घालत होते, म्हणजे सव्वाअकरा तास. त्याच वेगाने मोठी गोधडी करायला मला ३३ तास लागले असते. मावशींचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालतो, तरी त्यांचे १६ तास, म्हणजे भरलेले दोन दिवस. कापड जुळवणं, कच्चे टाके, काठ दुमडणं हे वेगळं. आणि हे सगळं जमिनीवर, पाठीत वाकून.

दुपटं झालं. सुट्टी संपायच्या आत मी ते देऊन आले. बाळ त्यावर निजलं, आणि ते दुसऱ्या बाळांसारखंच लगेच ओलं केलं. माझ्या साडेचार महिन्यांच्या कुठल्याही प्रोजेक्टचं इतक्या लवकर उद्घाटन झालं नव्हतं.

इथे भाषण संपवलं असतं तर छान झालं असतं. पण त्याच सुट्टीत एक गोष्ट घडली, आणि खरं म्हणजे तीच सांगायला मी आज उभी राहिले आहे.

मी मावशींच्या शेजारी बसून शिवत होते. सोसायटीतल्या एक काकू त्यांची तयार गोधडी न्यायला आल्या. मावशींनी ठरलेले पैसे सांगितले. काकूंनी गोधडी उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “एवढे कशाचे? कापड तर आमचंच आहे.” घासाघीस झाली, मावशींनी पैसे कमी केले. काकू गेल्या. मावशी पुन्हा सुई ओवायला लागल्या.

मला मात्र पुढचा टाका घालता येईना. ते वाक्य मी ओळखलं होतं. ते माझं होतं.

आपण आठवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वजनदार छपरं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. तुम्हाला आठवत असेल, आपल्या वर्गात आपण पैसे गोळा केले होते. आणि बाईंनी सांगितलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने किल्लारीच्या मुलांसाठी हाताने केलेली एक उबदार वस्तू आणायची. थंडी आली होती आणि माणसं पत्र्याखाली राहत होती.

सुट्टीनंतर आपण वस्तू आणल्या. मी दुकानातला मफलर आणला होता. आईने त्याला गोंडे लावून दिले होते, म्हणजे तो हाताने केलेला झाला! बऱ्याच जणांचं तसंच होतं, नाराज होऊ नका. आपल्या वर्गातल्या एका मुलीने मात्र लहान मुलाच्या मापाची गोधडी आणली होती. तिचं नाव मी घेत नाही, आठवणाऱ्यांना आठवेल. तिची आई आमच्या भागात गोधड्या शिवायची. त्या गोधडीत मधोमध पिवळं कापड होतं, त्यावर निळ्या छत्र्या. मी मोठ्याने ओरडले, “अगं, हा तर माझा फ्रॉक!” सगळा वर्ग हसला. बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि वहीत नोंद करायला विचारलं, “ही कोणाची?” तिने आपलं नाव सांगितलं. आणि मी पुढे होऊन म्हणाले, “बाई, कापड तर आमचं आहे.” बाईंनी दोघींची नावं लिहिली. बाईंना त्यात दोघींना सांभाळून घ्यायचं असेल. मला मात्र फार बरं वाटलं.

ती काहीच बोलली नाही. गोधडीची घडी घालताना तिने तेवढा पिवळा तुकडा आतल्या बाजूला केला.

त्याच वर्षी २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, मी याच शाळेत भाषण केलं. लोक बाबांना गोधडेबुवा म्हणत, अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र असे, हे सगळं मी पाठ करून म्हटलं आणि बक्षीस घेतलं. त्यात मला काही विसंगत वाटलं नव्हतं.

नववीत ती शाळेत नव्हती. माझ्या एका वाक्यामुळे ती गेली असं मी म्हणणार नाही, तिच्या घरची कारणं त्याहून मोठी असणार. पण तिच्या शाळेच्या आठवणींत ते वाक्य आहे, याची मला खात्री आहे.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईला विचारलं, “तो छत्र्यांचा फ्रॉक तू त्यांना का दिला होतास?” आई आता ७४ वर्षांची आहे, पण असल्या गोष्टी तिला लख्ख आठवतात. ती म्हणाली, “दिला कुठे? ती मजुरी होती. त्या महिन्यात हात आखडता होता. दोन गोधड्या शिवून घेतल्या, थोडे पैसे दिले आणि बाकीच्याचे कपडे घे म्हटलं. तिने बघून बघून पाच कपडे निवडले. मुलीच्या मापाचा म्हणून फ्रॉक घेतला.” मग जरा थांबून म्हणाली, “कमीच दिलं गं आपण. तेव्हा सगळेच तसं देत होते.”

मैत्रिणींनो, इतकी वर्षं मला थोडी लाज वाटत होती ती तिला हसल्याची. मी समजत होते की आम्ही दिलेल्या कपड्यावरून तिला चिडवलं, हे वाईट केलं. पण हिशेबच चुकला होता. तो फ्रॉक आमच्याकडून मिळालेलं दान नव्हतं. तिच्या आईने दोन गोधड्यांचे चोवीस हजार टाके घालून तो कमावला होता. तो तिचा फ्रॉक होता. तिने बहुधा तो घातलाही असेल, लहान झाल्यावर कापून गोधडीत लावला असेल, आणि सुट्टीभर बसून चार-पाच हजार टाके घालून किल्लारीच्या एखाद्या मुलासाठी पाठवला. आपल्या अख्ख्या वर्गात घरच्या कष्टाच्या कमाईतली, स्वतःच्या हाताने केलेली भेट तिचीच होती. आणि त्या भेटीत मी माझं नाव घुसवलं.

म्हणून हाताने केलेल्या भेटवस्तूंबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. या सुट्टीत स्वतः एक तरी वस्तू शिवून बघा, निदान हातभर. चांगली नाही झाली तरी चालेल. किती तास लागले ते मात्र लिहून ठेवा. मग दुसऱ्याकडून करून घ्याल तेव्हा कापडाचा विषय काढू नका, तासांचा काढा. मी आता मावशींशी आधी दिवस ठरवते, मग दिवसाचा रोज ठरवते, अर्धे पैसे आधी देते. मी तासांचा दर काढून दाखवला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “तासाचं काय घेऊन बसलाय ताई, दिवसाचं बोला.” पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत त्यांनी तोच दर सांगितला. जुने कपडे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण पैशांच्या वर द्या, पैशांच्या बदली नको.

आणखी एक विनंती. तिचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल, तर नंबर मला देऊ नका आणि ग्रुपवरही टाकू नका. फक्त तिला विचारा, मला भेटायची इच्छा आहे का. नाही म्हणाली तर मला काही वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन.

आणि बाई, ती वही आता शाळेत नसणार. पण तुमच्या आठवणीत ती नोंद असेल, तर माझं नाव तेवढं खोडा. तिथे एकच नाव राहू द्या.